परिचर्या : उपकार की दासोह?



देह हेच देवालय, असा बोध करणारे महात्मा बसवेश्वरांचे वचन आपल्यापैकी बहुतेकांना मुखोद्गत आहे. शरीराच्या अवयवांना देवळाच्या निरनिराळ्या भागांची उपमा त्यात दिली आहे. गेल्या श्रावणात निपाणी भागातील एका गावी आम्ही त्याच वचनाचे विवरण केले. प्रवचन संपले, मंडळी प्रसादाला उठली, तेव्हा मागे भिंतीशी बसलेली एक पन्नाशीची माउली पुढे आली. शरणार्थ करून म्हणाली, "स्वामीजी, एक इचारू का? माझा ल्योक बावीस वर्सांचा हाय. त्येचं पाय कधी उभंच ऱ्हायलं न्हाईत. मग त्येचं देऊळ पडकं म्हनायचं का?"

वाचकहो, तीस वर्षे आम्ही वचनांवर बोलत आलो. पण या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तेथल्या तेथे सुचले नाही. "अक्का, उद्या तुमच्या घरी येतो," एवढेच म्हणालो.

दुसऱ्या दिवशी गेलो. दहा बाय बाराची खोली. एका अंगाला खाटेवर मुलगा, दुसऱ्या अंगाला सुपात तंबाखू आणि कापलेला पाला. माउली विड्या वळते. मुलाला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. त्याला सर्व समजते; त्याचे बोलणे मात्र आईखेरीज कोणाला उमगत नाही. त्याला अंघोळ घालणे, भरवणे, शौचाला नेणे, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रात्री दोनतीनदा उठून कुशीवर वळवणे, हे सारे ती बावीस वर्षे करीत आहे. शेजारच्या बायका दिवसाला हजार विड्या वळतात तेव्हा तिच्या सहाशे होतात. उरलेल्या चारशे विड्यांची मजुरी कोठे गेली, हे कोणत्याही वहीत लिहिलेले नाही. निघताना ती हळूच म्हणाली, "माझ्यामागं ह्येचं कोन?"

तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला तिच्याच घरात सापडले. आपल्या मुलखात जुनी दगडी देवळे पुष्कळ आहेत. काहींचे खांब आजही अभंग आहेत, पण गाभाऱ्यात दिवा लागत नाही, पाणी घालायला कोणी जात नाही. अशा देवळाला आपण ओसाड म्हणतो. उलट एखाद्या देवळाचा खांब कलला, भिंत खचली, तरी रोज पहाटे तेथे दिवा लागत असेल तर ते जागृत स्थान ठरते. देवालय खांबांनी उभे राहत असेल, पण ते जिवंत राहते पूजेने. त्या मुलाचे देऊळ पडके नाही. तेथे बावीस वर्षे एकदाही पूजा चुकलेली नाही.

मात्र एवढ्यावर थांबलो तर आपण त्या माउलीला थोर म्हणून मोकळे होऊ, आणि तिचे ओझे तिच्याच डोक्यावर राहील. म्हणून पुढचा प्रश्न विचारणे प्राप्त आहे. ही पूजा तिने एकटीनेच करायची काय? समाजाने आणि शासनाने तिला हात दिला तर तो उपकार, की देणे?

प्रथम शब्दाचा विचार करू. 'परिचर्या' हा शब्द 'परि' आणि 'चर्' यांपासून झाला. एखाद्याच्या सभोवती वावरणे, हा त्याचा मूळ अर्थ. 'जंगम' हा शब्द 'गम्' धातूचा. जे चालते ते जंगम. ज्याचे शरीर चालत नाही त्याच्याभोवती दुसरे कोणी चालत राहते, तेव्हा त्याच्याही जीवनाला गती येते. विचार करा, आपण सर्वच जन्मल्यावर काही वर्षे असेच दुसऱ्याच्या चालण्यावर जगलो आणि म्हातारपणी बहुतेकांना पुन्हा तसेच जगायचे आहे. परावलंबन ही काही थोड्या अभाग्यांची गोष्ट नसून ती देहाची सर्वसामान्य अवस्था आहे. धडधाकट वर्षे हा मधला विसावा.

आता कायकाचा विचार. येथे आपल्या पंथापुढे खरी अडचण उभी राहते. ती टाळू नये. शरणांनी कायकाला कैलासाची योग्यता दिली. मग ज्याच्याने हात हलत नाही त्याने काय करावे? तो कैलासाला मुकला काय? कायक म्हणजे केवळ कमाई असे मानले तर होय म्हणावे लागेल. पण आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आठवा. सांडलेले तांदूळ वेचणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी त्यांनी नेहमीपेक्षा अधिक तांदूळ आणले, तेव्हा लक्कम्मांनी ते परत ठेवून येण्यास सांगितले. कायकाची थोरवी ढिगाच्या उंचीवर नाही, हाच या कथेचा अर्थ. ज्याला जेवढी शक्ती, तेवढे त्याचे कायक. गदगचे पंडित पंचाक्षरी गवई आणि त्यांचे शिष्य पुट्टराज गवई हे दोघेही अंध. हानगलच्या कुमारस्वामींनी पंचाक्षरींना आश्रय व शिक्षण दिले. पुढे गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात कितीतरी अंध मुले संगीत शिकून स्वतःच्या पायांवर उभी राहिली. पुट्टराजांना २०१० साली पद्मभूषण मिळाले. आधी कोणीतरी हात धरला, म्हणून पुढे त्या हातांतून कायक घडले.

सगळीच मुले गवई होणार नाहीत, हेही आम्ही जाणतो. त्या खाटेवरचा मुलगा कदाचित काहीच कमावणार नाही. तरीही त्याची परिचर्या हे त्या माउलीचे कायकच आहे. विडी वळणे हे कायक आणि मुलाला वळवणे हे नुसते नशीब, असा भेद कोणत्या शरणाने केला? आणि कायक असेल तर त्याची दखल समाजाने घेतलीच पाहिजे.

येथे दान आणि दासोह यांतील अंतर ध्यानी घ्यावे. दानात देणारा वर आणि घेणारा खाली असतो. देणाऱ्याची इच्छा फिरली की दान थांबते. दासोह शब्दात 'दासोऽहम्', मी दास आहे, हा भाव आहे. तेथे देणारा स्वतःला सेवक समजतो आणि घेणाऱ्याचा मान राखतो. जे माझ्याजवळ आहे ते मुळात माझे एकट्याचे नाही, ही त्यामागची धारणा. म्हणून दासोहाच्या पंक्तीत बसलेल्याच्या पानातला घास काढून घेणे आपण पाप मानतो.

याच घासासाठी जगात ठिकठिकाणी अपंग बांधव रस्त्यावर उतरले आहेत. इंग्लंडमध्ये गंभीर अपंगत्व असलेल्यांना आपल्याच घरी राहून मदतनीस ठेवता यावा म्हणून १९८८ पासून एक निधी होता. ३० जून २०१५ रोजी तो बंद झाला. त्यापूर्वी सहा दिवस, चाकांच्या खुर्चीतून आलेल्या निदर्शकांनी लंडनच्या संसदेत थेट सभागृहाच्या दारापर्यंत धडक दिली. अमेरिकेत २२ जून २०१७ रोजी 'मेडिकेड' या योजनेतील कपातीविरुद्ध सिनेटच्या बहुमतवाल्या पक्षाच्या नेत्याच्या कचेरीबाहेर अपंग निदर्शकांनी ठाण मांडले. ४३ जणांना अटक झाली, कित्येकांना पोलिसांनी उचलून नेले. घरी येऊन अंघोळ घालणाऱ्या, अंथरुणातून उठवणाऱ्या मदतनीसाचा पगार तेथे या योजनेतून मिळतो. ती गेली तर आपल्याला घर सोडून संस्थेत राहावे लागेल, हे त्यांचे भय होते. त्या वर्षी ते विधेयक पडले. २०२५ साली मात्र त्याच योजनेला कात्री लावणारा कायदा झालाच.

आपल्याकडे काय आहे? डिसेंबर १९९५ मध्ये जावेद आबिदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिल्लीत निदर्शने केली आणि काही दिवसांतच संसदेने अपंगांसाठीचा पहिला व्यापक कायदा संमत केला. २०१६ च्या नव्या कायद्याने अधिक आधाराची गरज असलेल्यांसाठी परिचारक भत्त्याचाही उल्लेख केला आणि अपंगांना मिळणारे साहाय्य इतरांच्या तशाच योजनांपेक्षा किमान २५ टक्के अधिक असावे असे म्हटले. कागद उत्तम आहे. परंतु घरी येणारा पगारी मदतनीस आपल्या खेड्यांत कोणी पाहिला आहे? येथे मदतनीस म्हणजे आई. दारिद्र्यरेषेखालील तीव्र अपंग व्यक्तीच्या निवृत्तिवेतनातील केंद्राचा वाटा २०१२ साली दरमहा ३०० रुपये ठरला, आणि त्यानंतर एका तपाहून अधिक काळ तो तेवढाच राहिला. तांदूळ, औषध, एस.टी.चे भाडे सारे वाढले. भाव वाढत असता रक्कम न वाढवणे हीही कपातच होय. फक्त तिचा आदेश निघत नाही, म्हणून तिच्याविरुद्ध मोर्चाही निघत नाही.

महाराष्ट्रात मोर्चा निघाला. जून २०२५ मध्ये गुरुकुंज मोझरी येथे माजी आमदार बच्चू कडू यांनी शेतकऱ्यांच्या कर्जमाफीबरोबर दिव्यांगांना दरमहा ६००० रुपये मिळावेत म्हणून अन्नत्याग केला. त्याच वर्षी ऑक्टोबरपासून तेथील दिव्यांगांचे अनुदान १५०० वरून २५०० रुपये झाले. आपल्या कर्नाटकाने २०२१ साली अपंगत्वाच्या टक्केवारीप्रमाणे ८०० आणि १४०० रुपये ठरवले होते. निपाणीहून कागल किती लांब? कोगनोळीचा नाका ओलांडला की राज्य बदलते, रक्कम बदलते. पण अलीकडच्या आणि पलीकडच्या मुलाच्या पाठीची जखम सारखीच दुखते.

कोणी म्हणेल, घरच्या माणसांनी करायची सेवा शासनाने पैशात मोजली तर माया आटेल. वाचकहो, पोट भरल्याने आईची माया आटल्याचे आम्ही कोठे पाहिले नाही. दमून गेलेल्या आईचा हात मात्र कधी कधी मुलावर उगारलेला पाहिला आहे, आणि नंतर तिला रडतानाही.

दुसरे कोणी म्हणेल, खोटे दाखले काढून पैसे खाणारे थोडे आहेत काय? आहेत. त्यांना जरूर शोधावे. पण चोर सापडावा म्हणून सगळ्या पंक्तीला उपाशी ठेवत नाहीत.

तिसरा आक्षेप शासनाच्या कुवतीचा. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तिजोरीला तळ असतोच. २०१६ च्या कायद्यातही शासनाने हे 'आपल्या आर्थिक कुवतीच्या मर्यादेत' करावे असे शब्द आहेत. पण कुवत म्हणजे काय? घरात तीन भाकरी असल्या तर सर्वांनाच अर्धपोटी राहावे लागेल, हे समजण्यासारखे आहे. मात्र टंचाई आली की पहिली भाकरी खाटेवरच्याची काढायची आणि याला कुवत म्हणायचे, हे आम्हांला मान्य नाही. कुवतीची खरी परीक्षा किती आहे यावर होत नाही, आधी कोणाला वाढले यावर होते.

आणि अपंगांनी रस्त्यावर यावे हे शोभते का, असे विचारणाऱ्यांना एकच सांगणे. अनुभव मंटपात चांभार, नावाडी, परीट, दोरखंड वळणारे आपापले अनुभव स्वतःच्या तोंडाने सांगत. त्यांच्यावतीने दुसरा कोणी बोलला नाही. 'आमच्याविषयी जे ठरेल ते आमच्याशिवाय नको' ही जगभरच्या अपंग चळवळीची घोषणा आम्हांला त्या मंटपाला परकी वाटत नाही. पूर्वी आपण अपंग म्हणत होतो, आता दिव्यांग म्हणतो. कन्नडमध्ये विकलचेतन म्हणतात. नाव सुंदर झाले. ऐकणारा कान अजून व्हायचा आहे.

शेवटी आमचा दोष आम्हीच सांगतो. शासनाला उपदेश करण्यापूर्वी आम्ही आपल्या मठाकडे पाहिले. मठाला सात पायऱ्या आहेत. दासोहाच्या पंक्ती जमिनीवर बसतात. त्या मुलाला आम्ही आग्रहाने बोलावले तेव्हा चौघांनी त्याला पोत्यासारखे उचलून वर आणले, आणि त्याने डोळे मिटून घेतले. चाळीस वर्षे येथे दासोह चालतो म्हणून आम्ही अभिमान बाळगत होतो. दारच अर्ध्यांना बंद होते हे आम्हांला दिसले नव्हते. आता उतरण बांधून झाली आहे, पंक्तीत चार मेजे ठेवली आहेत. हे फार मोठे काम नव्हे. फार उशिरा केलेले काम आहे.

तुम्हीही आपल्या गल्लीत पाहा. एखाद्या घराचे दार नेहमी अर्धवट लोटलेले असेल. तेथे जा. फळे ठेवून नमस्कार करून परतू नका. तासभर बसा, त्या आईला झोपू द्या. तिचा निवृत्तिवेतनाचा अर्ज पंचायतीत अडला असेल तर तिच्याबरोबर चला. आणि ती कधी मागणीचा फलक घेऊन बेळगावच्या कचेरीसमोर उभी राहिली, तर तिला भिकारीण समजू नका. ती आपल्या सर्वांच्या पुढच्या दिवसांसाठी उभी आहे.

"माझ्यामागं ह्येचं कोन?" या तिच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर एकट्या स्वामीला देता येत नाही. ते तुम्ही आम्ही मिळून द्यायचे आहे.

शरणु शरणार्थी.