धुराचे शेजारी

जळले म्हणजे संपले, असे आपण सहज म्हणतो. रसायनशास्त्राला हे मान्य नाही. अठराव्या शतकात फ्रान्सच्या लाव्हाझिएने तराजू हाती घेऊन दाखवून दिले की, ज्वलनात पदार्थ नष्ट होत नाही. प्राणवायूशी संयोग पावून तो दुसरे रूप घेतो. १२ किलो कार्बन पूर्ण जळला की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड वायू होतो. कोळशात शेकडा २ भाग गंधक असेल, तर एका टनातून सुमारे ४० किलो सल्फर डायऑक्साइड बाहेर पडतो. हे सारे जाते कोठे? नैतिक प्रश्न येथेच सुरू होतो.

डिसेंबर १९५२ मध्ये लंडनवर कोळशाच्या धुराचे दाट धुके पाच दिवस साचून राहिले व हजारो माणसे मृत्युमुखी पडली. १९५६ साली स्वच्छ हवेचा कायदा झाला. घरांतील शेगड्यांचा धूर कमी झाला, वीजकेंद्रांची धुरांडी उंच होत गेली. शहराची हवा निवळली. पण गंधक नाहीसे झाले नव्हते, त्याला दूरची वाट दाखविली गेली होती. ब्रिटनचा आणि युरोपातील इतर देशांचा हा धूर वाऱ्याबरोबर गेला, बाष्पाशी मिळून त्याचे गंधकाम्ल झाले आणि ते पावसातून नॉर्वे-स्वीडनच्या तळ्यांत उतरले. मातीतील अ‍ॅल्युमिनियम विरघळून पाण्यात आले व मासे मेले. उंच धुरांडे बांधणारा दुष्ट नव्हता. त्याने शेजाऱ्याचेच हित पाहिले. मात्र दृष्टीस पडेल तेवढाच शेजारी त्याने मानला होता.

१९७९ च्या जिनिव्हा करारापासून युरोपीय राष्ट्रे ही जबाबदारी हळूहळू स्वीकारू लागली. चुनखडी कालवलेल्या पाण्याने धूर धुऊन गंधक अडविता येते. परंतु गंधक ही कोळशातील अशुद्धता आहे. कार्बन डायऑक्साइड हे ज्वलनाचेच फळ होय. त्याचा काही अंश हजारो वर्षे वातावरणात टिकतो. तेव्हा त्याचा शेजारी अजून जन्मासही आलेला नाही. तो तक्रार करू शकत नाही, न्यायालयात उभा राहू शकत नाही.

गरिबाच्या घरी दिवा लागू नये, असा याचा अर्थ मुळीच नव्हे. त्याची गरज आणि आपली हौस एकाच तराजूत घालता येणार नाहीत. पण ज्याची कधी भेट होणार नाही, त्याचे आपण काही देणे लागतो काय? लागतो, कारण आपण त्याला दिलेली वस्तू त्याच्यापर्यंत निश्चित पोहोचणार आहे.