युनिट आणि किलोवॅट यांत गोंधळ घालणाऱ्यांनो

बसा खाली. सगळे. विजेची मोटार घेतलेलेही आणि तिला नावं ठेवणारेही. आज दोघांचीही हजेरी घ्यायची आहे.

परवाच्या स्नेहसंमेलनात जेवण गार होईपर्यंत तुम्ही एकाच विषयावर घसे कोरडे केलेत. निम्मे म्हणत होते, विजेच्या गाड्या वाढल्या की देशाचं ग्रिड कोसळणार. उरलेले म्हणत होते, काही होत नाही, घरी आलं की प्लग लावायचा, सकाळी गाडी तयार. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा घेतलेली माणसं तुम्ही! तीन वर्षं तुमच्यापुढे मी खडू झिजवला आणि एकालाही कागद-पेन मागावंसं वाटलं नाही? मोबाइलवर आलेलं वाचून दाखवायला डिप्लोमा कशाला लागतो?

आता काढा वही. शहरातली गाडी दिवसाला धरा ३० किलोमीटर चालते. एका युनिटमध्ये सहा-सात किलोमीटर जाते, म्हणजे रोजची पाच युनिटं. देशात अशा १ कोटी गाड्या आहेत असं समजू. तेवढ्या अजून नाहीत, पण घाबरायचंच तर नीट घाबरू. रोज ५ कोटी युनिटं झाली. देश रोज साडेचारशे-पाचशे कोटी युनिटं वापरतो. टक्का किती? एक. एका टक्क्यासाठी तुम्ही देश अंधारात लोटला होता. ग्रिड कोसळणार म्हणणाऱ्यांनी मान खाली घालावी.

दुसऱ्या बाजूच्यांनी दात काढू नयेत. त्याच १ कोटी गाड्या रात्री आठ वाजता एकदम प्लगला लावा. साधा घरगुती चार्जर ३.३ किलोवॅटचा. गुणाकार करा: ३३,००० मेगावॅट. ३० मे २०२४ला देशाची कमाल मागणी अडीच लाख मेगावॅटवर गेली होती, त्याच्या तेरा टक्के. भिंतीवरचा ७.२ किलोवॅटचा चार्जर बसवलात तर हाच आकडा ७२,०००. ऊर्जा एक टक्का आणि शक्ती तेरा टक्के. किलोवॅट वेगळा, किलोवॅट-तास म्हणजे युनिट वेगळं, हे मी पहिल्या सत्रात शिकवलं होतं आणि तुम्ही मागच्या बाकावर बसून फुली-गोळा खेळत होता.

३३,००० मेगावॅट म्हणजे काय, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय. ५ एप्रिल २०२०, रात्री नऊ वाजता नऊ मिनिटं देशानं दिवे मालवले. अंदाज होता की मागणी १२-१४ हजार मेगावॅटनं उतरेल. उतरली ३१,०००नं. जलविद्युत केंद्रं झपाट्यानं खाली आणून तितक्याच झपाट्यानं वर घ्यावी लागली, तेव्हा ग्रिडची वारंवारता सांभाळली गेली. ते जमलं, कारण दिवस आणि वेळ आधी जाहीर होती आणि भार सांभाळणारी माणसं तयारीत बसली होती. तुम्ही रोज संध्याकाळी न सांगता तेच उलट दिशेनं करणार. सूर्य मावळलेला, सौर वीज शून्यावर, घराघरात दिवे, एसी आणि गिझर चालू, आणि नेमक्या त्याच वेळी साहेब ऑफिसातून येऊन चार्जर लावणार. का? तर उतरल्या उतरल्या लावायची सवय. ज्या गाडीला दीड तास वीज पुरते, ती रात्री आठ ते सकाळी आठ पार्किंगमध्ये उभी असते. त्यातला दीड तास तुम्हाला निवडता येत नाही?

कॅलिफोर्नियाचा दाखला कोणी दिला? उभा राहा. अर्धवट वाचून दाखला देणं ही तुझी जुनी खोड. ऑगस्ट २०२२मध्ये तिथे २०३५पासून नव्या पेट्रोल गाड्यांची विक्री थांबवायचं ठरलं आणि आठवड्याभरात लोकांना सांगावं लागलं की दुपारी चार ते रात्री नऊ गाड्या चार्ज करू नका. इथवर वाचून तू खदाखदा हसलास. ती उष्णतेची लाट होती आणि ग्रिडवर चढला होता तो एसीचा भार, हे का नाही वाचलं? ६ सप्टेंबरला तिथली मागणी ५२,०६१ मेगावॅट या विक्रमावर पोचली. संध्याकाळी लोकांच्या फोनवर सरकारी इशारा गेला आणि थोड्याच वेळात मागणी जवळपास दोन हजार मेगावॅटनं खाली आली. राज्यभर भारनियमन करावं लागलं नाही. उकाड्यात संध्याकाळी सातचा एसी पहाटे तीनवर ढकलता येत नाही, गाडी ढकलता येते. घरातल्या सगळ्या मोठ्या उपकरणांत थांबायला सगळ्यात तयार असलेलं उपकरण हेच, आणि तुम्ही त्यालाच घाईला बसवता.

बरं, तुमच्यातला एक शहाणा म्हणाला, मी टायमर लावतो, बरोबर बाराचा. शाबास. सगळ्या सोसायटीनं बरोबर बाराचा टायमर लावला तर काय होईल? बारा वाजता नवं शिखर. इंग्लंडमध्ये हे ओळखून जून २०२२पासून घरच्या चार्जरला नियम घातला: मुळातच ऐन गर्दीच्या वेळा टाळायच्या आणि चालू होताना दहा मिनिटांपर्यंत कमी-जास्त उशीर लावायचा, म्हणजे सगळे एका ठोक्याला उठत नाहीत. आपल्याकडे हे यंत्राकडून होईल तेव्हा होईल. तोवर तू साडेबारा लाव, शेजाऱ्याला दोन लावू दे.

आता खऱ्या ठिकाणी येऊ. तुम्ही देशाच्या ग्रिडची चिंता वाहता आणि तुमच्या गेटबाहेरच्या डीपीकडे कोणी बघत नाही. तिथे असेल २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर. सगळी घरं एका वेळी सगळं चालवत नाहीत, या हिशोबावर तो बसवलेला असतो. डायव्हर्सिटी फॅक्टर! परीक्षेत पाच गुणांना यायचा. गाड्या हा हिशोब मोडतात, कारण त्या एकाच सुमाराला परततात आणि तास-तासभर पूर्ण भार ओढतात. ७.२च्या चार्जरच्या वीस गाड्या म्हणजे १४४ किलोवॅट, स्वयंपाकघरं आणि लिफ्ट वेगळी. रात्रीचा गारवा हाच त्या ट्रान्सफॉर्मरचा विसावा. तोही गेला की आतला कागद भाजतो, आणि तापमान कायम सहाएक अंशांनी चढं राहिलं तर इन्सुलेशनचं आयुष्य निम्मं होतं. मग फ्यूज उडतो, तुम्ही लाइनमनला फोनवरून शिव्या घालता आणि तो बिचारा पावसात खांबावर चढतो.

आणि घरातली वायर? एकाच्या घरी मी पाहिलं: बाल्कनीतून खाली सोडलेला एक्स्टेन्शन बोर्ड, अर्थिंगचा पत्ता नाही, त्यावर १४-१५ अँपिअर रात्रभर. मंजूर भार तीन किलोवॅट, आणि वर साडेतीनचा चार्जर. लायसन्स असलेला इलेक्ट्रिशियन! लाज वाटली मला. त्या घरात मुलं झोपतात रे.

सोसायटीच्या चेअरमनांनीही फार गंभीर चेहरा करू नये. चार्जरला ‘ना हरकत’ द्यायची नाही, आणि मग पार्किंगमधून चोरून वायरी गेल्या की कपाळावर हात मारायचा, याला कारभार म्हणत नाहीत.

सरकारनं आपल्या परीनं इशारा दिलेला आहे. २०२३च्या नियमांप्रमाणे दिवसाच्या सौर तासांत वीज किमान वीस टक्के स्वस्त, गर्दीच्या वेळी महाग. सार्वजनिक चार्जिंगसाठी २०२४ची मार्गदर्शक तत्त्वंही तेच सांगतात: सकाळी नऊ ते चार कमी दर, एरवी जास्त. राजस्थानात दुपारची सौर वीज वाहून न्यायला तारा अपुऱ्या पडतात म्हणून ती थांबवावी लागते, आणि हिंजवडीतल्या कंपन्यांच्या पार्किंगमध्ये तुमच्या गाड्या त्याच वेळी नऊ-नऊ तास नुसत्या तापत उभ्या. कंपनीकडे चहाचं मशीन मागायला शिष्टमंडळ नेता, चार्जर मागायला जीभ उचलत नाही?

सोमवारी सकाळी महावितरणच्या कार्यालयात जा. मंजूर भार वाढवण्याचा अर्ज भरा, गाडीसाठी वेगळ्या मीटरची चौकशी करा, डीपीची क्षमता किती आणि त्यावर भार किती हे लेखी मागा. सोसायटीतल्या गाड्यांचं वेळापत्रक लिहून फलकावर लावा. तो एक्स्टेन्शन बोर्ड मात्र सोमवारपर्यंत ठेवू नका, आजच काढा. आणि हे सगळं झाल्याशिवाय ग्रिडविषयी माझ्यापुढे तोंड उघडू नका.