दोष अंगाचा की हवेचा?

पावसाळा सरला की घरोघरी कुणीतरी शिंकू लागते, कुणाचे डोळे चुरचुरतात, कुणाला रात्री धाप लागते. घरचे म्हणतात, "याचं अंगच नाजूक!" 'अॅलर्जी' हा शब्द व्हिएन्नाच्या क्लेमेन्स फॉन पिर्के या बालरोगतज्ज्ञाने 1906 साली रूढ केला. निरुपद्रवी पदार्थाला शरीर शत्रू समजते आणि त्याच्याशी लढताना स्वतःच घायाळ होते, असा त्याचा आजचा अर्थ. म्हणजे दोष अंगाचाच. पण हा निवाडा एकतर्फी तर नाही ना?

इर्शाळगडाच्या परिसरातले आपले चौक पाहा. जुना मुंबई-पुणे रस्ता इथूनच जातो. 2002 पासून पूर्ण सुरू झालेला द्रुतगती मार्गही जवळच. पश्चिमेला रसायनी-पाताळगंगेचे कारखाने. गवत पूर्वीही फुलत होते, भाताची तूसही उडत होती. नवा आहे तो धूर. डिझेलच्या धुराने श्वासनलिकेचे अस्तर सुजते. तो धूर आणि परागकण एकत्र नाकात गेले तर शरीराची प्रतिक्रिया अधिक तीव्र होते, हे प्रयोगांत दिसले आहे.

गाजर गवताची कथाही अशीच. 1950 च्या दशकात ते पुण्यात प्रथम नजरेस आले. परदेशी धान्यातून आले असे मानतात. त्याने हातापायांना खाज आणि चट्टे उठले ते निंदणी करणाऱ्या मजुरांच्या. धान्य काही त्यांनी मागवले नव्हते.

इथेच प्रश्न वैद्यकाचा उरत नाही, न्यायाचा होतो. बदल करणारा एक, सोसणारा दुसरा. आणि पथ्य सोसणाऱ्यालाच! तोंड बांध, खिडकी लाव, गोळी घे. मोटारीच्या काचा लावून जाणारा मात्र टोल भरला की सुटला.

अर्थात त्या मोटारीत कधी आपणही असतो. आपले औषध, आपली भाजी त्याच रस्त्याने येते. रस्ता नको, असे कोण म्हणेल? पण शेजाऱ्याचा हक्क आपण भिंतीपर्यंतच मोजतो आणि हवेला भिंत नसते. कचरा जाळू नये, धूर ओकणारी गाडी दुरुस्त करावी, गाजर गवत फुलण्याआधी हातमोजे घालून उपटावे, एवढे तर आपल्या हातात आहे. कारखान्यांना आणि सरकारला जाब विचारणेही आहे.

आणि धाप लागलेल्या मुलाला 'नाजूक' म्हणण्यापूर्वी त्याला आपण कोणती हवा दिली, हे स्वतःला विचारावे.