सत्तर टक्के म्हणजे किती?

सावकाश बसा. पाठ भिंतीला टेकली तरी चालेल. मात्र या घडीला छातीत दुखत असेल, दरदरून घाम येत असेल, तर वाचन थांबवा आणि १०८ ला फोन लावा. हे मनन हाताशी वेळ असणाऱ्यांसाठी आहे.

श्वास आत घ्या. रोखा. सीटी अँजिओग्राफीत तुम्हाला एवढंच करायचं असतं. हाताच्या शिरेतून डाय सोडतात, नाडी साठीच्या आसपास आणतात, आणि काही सेकंदांत हृदयाच्या धमन्यांचं चित्र मिळतं. भिंतीत साचलेला थरही दिसतो. कॅल्शियम फार असेल तर अडथळा आहे त्याहून मोठा भासतो. श्वास सोडा.

आता मनगटावरची नाडी चाचपा. दुसऱ्या, नळीच्या अँजिओग्राफीत बहुतेकदा याच वाटेनं कॅथलॅबमध्ये बारीक नळी हृदयापर्यंत नेतात. रक्तस्रावाचा थोडा धोका असतो. पण गरज असेल तर तिथेच स्टेंट बसवता येतो.

नगरच्या आनंदऋषीजी हॉस्पिटलातून असो की शिर्डीहून, माणूस ‘सत्तर टक्के ब्लॉकेज’ एवढंच घेऊन घरी येतो. त्या आकड्यापाशी थोडं थांबा. भीती वाटते? वाटू द्या. मग प्रवरेच्या कालव्यावर शेती करणाऱ्याचा प्रश्न विचारा: चारीत गाळ असेल, पण टेलला पाणी पोचतंय का?

हे मोजता येतं. एफएफआर तपासणीत बारीक तार अडथळ्यापलीकडे नेतात. पलीकडचा दाब अलीकडच्या दाबाच्या ०.८० पट किंवा त्याहून कमी भरला, तर रक्त खरंच अडतंय. डोळ्यांना मोठे दिसणारे काही अडथळे या मापात किरकोळ ठरतात.

पुन्हा एक श्वास. २०२२ च्या ‘डिस्चार्ज’ अभ्यासात स्थिर छातीदुखीच्या ३,५६१ रुग्णांत आधी सीटी केलेले आणि थेट नळी घातलेले, दोन्ही गटांत पुढचे झटके व मृत्यू जवळपास सारखेच निघाले. तपासणीतली मोठी गुंतागुंत मात्र सीटी गटात कमी होती. २०२० च्या ‘इस्केमिया’ अभ्यासात स्थिर रुग्णांना औषधांसोबत लगेच स्टेंट वा बायपास करूनही मृत्यू घटले नाहीत. छातीदुखीला उतार मात्र जास्त पडला.

म्हणून स्टेंट वा बायपासच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा: माझा आजार स्थिर आहे का? अडथळा मुख्य डाव्या धमनीत आहे का? पलीकडे रक्त पोचतंय, हे मोजलं का? उत्तरं ऐका, आणि मगच ठरवा.