मुरमाची वाट

एखाद्या सुखाचे मोल दुसराच कोणी देत असेल, तर ते सुख घेणारा निर्दोष ठरतो काय, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या वर्गात मी पुष्कळ वर्षे विद्यार्थ्यांस घालीत आलो आहे. त्याचे उत्तर स्वतःलाच द्यावे लागेल, आणि तेही सायकल हाती धरून एका अंगणात उभे असताना, अशी मात्र माझी कधी कल्पना नव्हती.

पन्नाशी उलटल्यावर प्रकृतीच्या निमित्ताने मी पुन्हा सायकलीवर बसू लागलो, आणि मोटारींच्या भीतीने थोड्याच दिवसांत डांबरी सडक सोडून मुरमाच्या वाटांस लागलो. अशा वाटांसाठी हल्ली निराळी सायकल मिळते. तिला ग्रॅव्हेल बाईक म्हणतात. तिचे टायर सुमारे 40 मिलिमीटर रुंद असतात व त्यांत हवा बेताचीच भरतात, त्यामुळे चाक खड्यावरून उसळत नाही, खड्याला जरासे कवेत घेऊन पुढे सरकते. तिची किंमत येथे सांगण्याचे धैर्य मला नाही. ज्या रस्त्यांवरून जाण्यासाठी ती घेतली, त्या रस्त्यांच्या कडेला राहणाऱ्या माणसाला ती ऐकून काय वाटेल, याचा विचार दुकानात असताना मला सुचला नव्हता.

माझी आवडती वाट पुण्याच्या पश्चिमेस, मावळात आहे. तिच्या शेवटास पंधरा-वीस घरांची एक वस्ती आहे. तिचे नाव मी येथे देत नाही. दिले तर पुढल्याच रविवारी तेथे दहा सायकली उभ्या राहतील, आणि ते मला नको आहे. हा स्वार्थ वाचकांनी लक्षात ठेवावा, कारण त्याच्याविषयीच पुढे लिहावयाचे आहे. कार्तिकात ही वाट पाहावी. पावसाने धुऊन काढलेला मुरूम तांबूस दिसतो. दोन्ही अंगांस गवत नुकतेच पिवळे पडू लागलेले असते. खाली धरणाचे पाणी एखाद्या वळणावर एकदम दिसते आणि पुढच्या वळणावर नाहीसे होते. चढावर श्वास लागला म्हणजे थांबावे, तो आपल्याच छातीचा आवाज आणि दूरवर एखादी टिटवी, याखेरीज काही ऐकू येत नाही. तास-दीड तासात एकही मोटार भेटत नाही. शहरात राहणाऱ्या माणसाला शांतता ही वस्तू किती दुर्मिळ झाली आहे, हे येथे आल्यावाचून समजत नाही.

मोटार का भेटत नाही, हा प्रश्न मी बरेच दिवस विचारला नाही. मुरूम म्हणजे मुरलेला, कुजलेला काळा दगड. तो पसरून दाबला की चार-सहा महिने रस्ता होतो, आणि सह्याद्रीचा पाऊस सुरू झाला की त्याचा ओढा होतो. खडी आणि डांबर घालावयाचे तर लोकसंख्या लागते. केंद्र सरकारने 2000 साली प्रधानमंत्री ग्रामसडक योजना काढली, तेव्हा सपाट प्रदेशात 500 माणसांची वस्ती हे परिमाण धरले. डोंगरी राज्ये, वाळवंटे व आदिवासी क्षेत्रे यांना ते 250 ठेवले. मावळातली वाडी डोंगरात असली तरी डोंगरी राज्यात नाही! अन्य योजना आहेत. परंतु पुरते शंभर लोक ज्या वस्तीत नाहीत, ती त्यांच्या याद्यांत तळाशी राहिली तर नवल नाही. मी जिला निसर्गाची शांतता समजत होतो, तिच्या मुळाशी हे गणित होते.

गेल्या वर्षी त्या वस्तीतील एका वृद्ध गृहस्थांनी मला पाणी दिले आणि म्हणाले, “सर, तुम्ही शिकलेली माणसं. आमच्या रस्त्याचा एक अर्ज लिहून द्या ना. पोरांनी मोबाइलवर लिहिलाय, पण कचेरीत कागद लागतो.” त्यांच्या सुनेला बाळंतपणासाठी श्रावणात झोळीत घालून खालच्या सडकेपर्यंत नेले होते. हे त्यांनी तक्रारीच्या सुरात सांगितले नाही; पाऊस किती झाला हे सांगावे तसे सांगितले.

मी लगेच ‘हो’ म्हणालो नाही. तेवढ्या एका क्षणात माझ्या मनाने जी वकिली केली, ती नोंदून ठेवण्याजोगी आहे.

प्रथम मला इटली आठवली. तस्कनी प्रांतात सिएनाच्या आसपासच्या टेकड्यांतून पांढऱ्या खडीचे जुने रस्ते आहेत. ते डांबराखाली जाऊ नयेत म्हणून जानकार्लो ब्रोच्ची या गृहस्थाने 1997 साली गायोले इन कियांती या गावी जुन्या सायकलींची एक फेरी सुरू केली. पहिल्या वर्षी 92 जण आले. पुढे तिची कीर्ती जगभर झाली. 2007 पासून त्याच रस्त्यांवर व्यावसायिक स्वारांचीही शर्यत होऊ लागली, आणि आता ‘पांढरे रस्ते’ हेच तिचे नाव आहे. मग सह्याद्रीतला एक मुरमाचा रस्ता राखला तर काय बिघडले? असा प्रश्न मनात आला खरा. पण त्या इतिहासाचे दुसरे पान मला ठाऊक होते. तेथे शतकानुशतके अर्धेलीने शेती कसणारी कुटुंबे होती. महायुद्धानंतर ती हजारोंनी शहरांकडे गेली, आणि 1964 साली अर्धेलीचे नवे करार कायद्याने बंद झाले. त्या रस्त्यांवर जिचे पाय भाजले ती माणसे बहुतांशी निघून गेल्यानंतर रस्ते सुंदर ठरले. आज तेथे राहणाऱ्याच्या दारात मोटार असते; त्याची धूळ हा त्याच्या पसंतीचा भाग आहे. येथील चिखल कोणी पसंत केलेला नाही.

दुसरा वकील अधिक जबरदस्त होता. कान्टने 1790 साली प्रसिद्ध केलेल्या सौंदर्यमीमांसेच्या आरंभी राजवाड्याचे उदाहरण आहे. राजवाडा सुंदर आहे काय असे विचारले असता, तो जनतेच्या घामावर उभा आहे असे रूसोप्रमाणे सांगता येईल. ते मान्यही करता येईल. परंतु विचारलेला प्रश्न तो नव्हता, असे कान्टचे म्हणणे. मी हे अनेकदा शिकविले आहे आणि ते मला पटतेही. तथापि राजवाड्याकडे दुरून पाहता येते. रस्त्याचे तसे नाही. रस्ता ही मुळात कोणाला तरी कोठे तरी पोचविण्यासाठी केलेली वस्तू आहे. त्याचा हेतू वगळून त्याच्या रंगाचे कौतुक करणे म्हणजे भाकरी वर्तुळाकार आहे म्हणून तिची वाखाणणी करण्यासारखे आहे. तेही दुसरा उपाशी असताना.

तिसऱ्या वकिलाने परोपकाराचे सोंग घेतले होते. डांबर आले की जमिनीचे दलाल येतील, धनिकांचे बंगले येतील, कुंपणे पडतील. हे भोळे लोक जमिनी विकून बसतील. यात खोटे काहीच नाही. मावळात हे डोळ्यांदेखत झाले आहे. परंतु ही काळजी मला त्या अंगणातच का वाटू लागली? पुण्यात डोंगर फोडून बांधलेल्या वसाहतीत मी स्वतः सदनिका घेतली, तेव्हा ती वाटली नव्हती. जमीन विकावी की न विकावी हे ठरविण्यापूर्वी त्या सुनेला दवाखान्यात वेळेवर पोचता यावे, इतकेच येथे मागितले जात होते. सायकलीवरून त्या वाटेने जाणे हे पाप नाही, असे मला अजूनही वाटते. वाऱ्यावर जसा कोणाचा हक्क नाही तसा त्या सकाळीवरही नाही. पण वाट तशीच राहावी अशी जी इच्छा माझ्या मनात दबा धरून बसली होती, ती निरुपद्रवी नव्हती. माझ्या एका होकाराच्या आड ती येत होती, एवढे मी पाहिले.

अर्ज मी ओट्यावर बसून लिहिला. भाषा जरा जड झाली. गृहस्थांनी तो दोनदा वाचून घेतला आणि झोळीची हकीकत त्यात नाही म्हणून पुन्हा लिहावयास लावला. त्यांचे बरोबर होते. खाली बारा अंगठे आणि नऊ सह्या झाल्या.

यंदा कार्तिकात पुन्हा गेलो. फाटा सोडून पहिल्या वळणावर आलो, तो चाकाखाली मुरूम करकरला आणि मला फार बरे वाटले. वस्तीवर पोचताच त्या गृहस्थांनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि विचारले, “सर, आपल्या अर्जाचं काही कळलं का?”