सटवाईची पेन्सिल

माझ्या पाचवीला आजीनं पाट्याजवळ कोरा कागद आणि पेन्सिल ठेवली होती. आई सांगायची. रात्री सटवाई येते, कपाळावर लिहून जाते. ते लिखाण कुणाला वाचता येत नाही. आजीला तर कुठलंच वाचता येत नव्हतं. ज्या घराला पिढ्यान् पिढ्या अक्षराची बंदी, त्या घरात पहिली पेन्सिल आली ती नशीब लिहायला! भाषणात मी हे रंगवून सांगायचो, पोरं टाळ्या पिटायची. बावीस प्रतिज्ञा पाठ, देव्हाऱ्यातले टाक नदीत. वाटायचं, सटवाई मेली.

मेली नव्हती.

आमच्या वस्तीतला एक पोरगा गटारीच्या चेंबरमध्ये उतरला. आत वायू साचलेला. वर आलं ते प्रेतच. त्याची आई भिंतीला टेकून बसलेली. आपण कार्यकर्ते, काहीतरी बोललं पाहिजे, म्हणून बोललो, ‘‘मावशे, त्याचं तेवढंच होतं. नशीब.’’ ती माझ्याकडं बघतच राहिली. मग म्हणाली, ‘‘नशीब कसं रं बाबा? ठेकेदारानं दोर सुदीक दिला न्हाई.’’

मित्रांनो, त्या रात्री झोप लागली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ चा वारसा सांगणारा मी खरा, की त्या दारात बोलला तो खरा? हे सभेत विचारता येत नाही. म्हणून दहा दिवसांच्या एका शिबिराला गेलो. मौन, श्वास, पाय वळवून बसणं. खोटं कशाला सांगू, बरं वाटलं. पण तिथं सांगितलं गेलं, गुडघ्यातली कळ म्हणजे जुने संस्कार, मागल्या जन्मांचेसुद्धा. मी विचारलं, २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत आई, मुलगी आणि दोन मुलगे मारले, ते कुठल्या जन्माचं फळ? उत्तर मिळालं, वाद नको, बसा.

म्हणजे सटवाई इथंही. फक्त पालीत बोलत होती.

घरी येऊन ग्रंथ काढले. अंगुत्तर निकायाच्या तिकनिपातात बुद्ध तीन मतं खोडून काढतो: सगळं पूर्वकर्मानं घडतं, सगळं ईश्वर घडवतो, सगळं विनाकारण घडतं. असं मानलं तर खुनी माणूसही म्हणेल, माझ्या पूर्वकर्मानंच मी खून केला. मग काय करावं, काय करू नये, हा प्रश्नच उरत नाही. पुनर्जन्माच्या कथा त्रिपिटकात ढिगानं आहेत, त्या लपवून उपयोग नाही. बाबासाहेबांनीही लपवलं नाही. १९५७ साली आलेल्या त्यांच्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच त्यांनी सवाल टाकलाय: आत्मा नाही तर कर्म कुणाचं, पुनर्जन्म कुणाचा? आणि पुढं अगदी नेमकं दाखवलंय की पूर्वकर्माचा सिद्धांत गरिबाच्या हालांची जबाबदारी समाजावरून उतरवतो. मावशीनं हा ग्रंथ वाचलेला नाही. तिनं फक्त दोर नव्हता हे बघितलं होतं.

चौदाव्या शतकात चोखोबांच्या नावावरच्या एका अभंगात महाराच्या जन्माचा दोष मागल्या जन्मावर घेतलाय. त्याच घरातला पोरगा कर्ममेळा मात्र थेट विठ्ठलालाच जाब विचारतो. नाव कर्ममेळा, बघा!

मी अजून पहाटे बसतो. दोस्त टर उडवतात, ‘‘काय भंते, कुठवर आलं निर्वाण?’’ हसू देत. श्वास माझा आहे, मागले जन्म माझे नाहीत. बसलं की एवढं कळतं, तोंडातून शब्द निघण्याआधी कुठून येतो ते. नेहमी कळतं असंही नाही.

साधनांशिवाय माणसाला गटारीत उतरवणं २०१३ च्या कायद्यानं गुन्हा आहे. सुप्रीम कोर्टानं २०१४ साली दहा लाख ठरवलेली भरपाई २०२३ साली तीस लाख केली. मावशीचा अर्ज मीच लिहायला बसलो. लिहून झाल्यावर ती म्हणाली, ‘‘वाचून दाव.’’ वाचायला लागलो, ‘‘माझा मुलगा दुर्दैवाने...’’

‘‘ते काढ,’’ ती म्हणाली.

खोडलं. त्या जागी ठेकेदाराचं नाव घातलं.