तिसरी बंदूक

२०२० सालच्या खंडेनवमीला आमच्या पडवीत पाटावर तीन हत्यारं मांडली होती: आजोबांची ठासणीची बंदूक, बाबांची बारा बोअरची दोनाली आणि बाबांचंच बत्तीस बोअरचं विलायती रिव्हॉल्व्हर. हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली, आरती झाली. पुढच्या वर्षी या पाटावर यातलं एक तरी नसणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कुठलं नसणार, यावर मात्र घरात दोन महिने वाद चालला होता.

वादाचं मूळ कायद्यात होतं. डिसेंबर २०१९ मध्ये संसदेने शस्त्र कायद्यात दुरुस्ती केली. एका माणसाला परवान्यावर तीन शस्त्रं बाळगता येत, ती संख्या दोनवर आली. मूळ विधेयकात तर एकच म्हटलं होतं. खासदारांनी हरकती घेतल्यावर दोन झाली. वडिलोपार्जित शस्त्रांनाही हीच मर्यादा. १४ डिसेंबर २०१९ पासून वर्षभराच्या आत जास्तीचं शस्त्र पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं होतं. परवाना माझ्या नावावर होता. बाबांनी सत्तरी ओलांडल्यावर, २०१६ च्या नियमांप्रमाणे, तिन्ही शस्त्रं माझ्याकडे वळवली होती. त्यामुळे सही माझी, पण निर्णय माझ्या एकट्याचा नव्हता.

घरातल्या बहुतेकांचं म्हणणं सरळ होतं. ठासणी देऊन टाकावी. तिला बाजारात किंमत नाही, बाबांनीच ती वीसेक वर्षं वाजवलेली नाही. दोनाली बागेत लागते. रिव्हॉल्व्हर ठेवायलाच हवं, कारण ते विलायती. ऐंशीच्या दशकात खासगी आयातीची दारं जवळजवळ बंद झाली, तेव्हापासून जुन्या परदेशी हत्यारांचा भाव चढत गेला. पुन्हा घ्यायचं म्हटलं तर मिळायचं नाही. चुलतभावाने तर तिन्हींच्या किमती वहीत मांडून आणल्या होत्या.

या मांडणीत मला काहीतरी बोचत होतं आणि ते नेमकं काय, हे सांगायला मला बराच वेळ लागला. आपण बंदुकीचा हिशेब दागिन्यासारखा करत होतो. दागिना कपाटात पडून राहिला तर फार तर चोरीला जातो. हत्यार पडून राहतं तेव्हाही ते हत्यारच असतं. त्याला रोज कुणीतरी जबाबदार माणूस लागतो: किल्ली कुठे आहे, काडतुसं कुठे आहेत, नळी रिकामी आहे का, हे रात्री झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल असा. म्हणून ठेवायचं की द्यायचं, हे ठरवताना पहिला प्रश्न किमतीचा असू नये. या हत्याराला आज या घरात काम काय आहे आणि उद्या ते सांभाळायला कोण तयार आहे, हे दोन प्रश्न आधी विचारले पाहिजेत. ज्याला दोन्हींचं उत्तर नाही, ते कितीही मोलाचं असलं तरी घरात जिवंत राहू नये, असं माझं ठाम मत झालं आहे.

या मतामागे एक प्रसंग आहे. तो लिहू की नको, असं बरेच दिवस चाललं होतं. बाबांना विचारलं, ते म्हणाले, ‘लिही.’

ते रिव्हॉल्व्हर बाबांनी सत्तरच्या दशकात घेतलं. काजूचा व्यापार होता, कोल्हापूरहून रोख रक्कम घेऊन रात्रीचा घाट उतरायचा असे. तेव्हा त्याला काम होतं. पुढे व्यवहार बँकेतून होऊ लागले आणि रिव्हॉल्व्हर कपाटात गेलं, शर्टांच्या घडीखाली, काडतुसं वेगळ्या डब्यात. २०१३ साली आई गेली. त्यानंतरचे तीन-चार महिने बाबा जेवायला बसत आणि दोन घासांत उठत. रात्री त्यांच्या खोलीतला दिवा जळत असे. एकदा उशिरा पाणी प्यायला उठलो तेव्हा कपाटाचं दार करकरलेलं ऐकू आलं. मी दारात उभा राहिलो. बाबा उघड्या कपाटासमोर नुसते उभे होते, हातात काही नव्हतं. मला पाहून म्हणाले, ‘उद्या ते विक्रेत्याकडे ठेवून ये. मला घरात नको.’ दुसऱ्या दिवशी दोघे मिळून कोल्हापूरला गेलो आणि ते जमा करून पावती घेऊन आलो. घाट चढताना-उतरताना आम्ही एक अक्षर बोललो नाही. पुढे डॉक्टर झाले, औषधं झाली, बाबा हळूहळू सावरले.

शस्त्र घेताना आपण नेहमी बाहेरून येणाऱ्या माणसाचा विचार करतो. चोर, दरोडेखोर, भाऊबंदकीतला वैरी. घरातलाच माणूस कुठल्या तरी रात्री एकटा पडेल, तेव्हा ते त्याच्या हाताशी असेल, हा विचार परवान्याच्या अर्जात कुठे येत नाही. घरात बंदूक असली की आत्महत्येचा धोका वाढतो, असं परदेशातल्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. मला ते अभ्यासातून कळायची गरज उरली नव्हती. परवाना माझ्या नावावर झाल्यावर रिव्हॉल्व्हर घरी परत आणलं, ते मी केलेली चूक होती. ‘घरची वस्तू आहे, परक्याकडे किती दिवस ठेवायची’ एवढंच कारण होतं.

मग आपल्याकडे शस्त्राचा एवढा लोभ का? त्याचं एक उत्तर इतिहासात आहे आणि ते हलकं नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी लोकांच्या हातातली हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली आणि १८७८ च्या शस्त्र कायद्याने त्यावर शिक्कामोर्तब केलं. युरोपियनांना सूट, हिंदी माणसाला परवान्याची सक्ती. या कायद्याविरुद्ध काँग्रेसने सुरुवातीच्या अधिवेशनांपासून ठराव केले. शस्त्र बाळगता न येणं हा तेव्हा अपमान होता, आणि म्हणून परवाना मिळणं हा मान. आजोबांना शेती संरक्षणाचा परवाना मिळाला तेव्हा त्यांनी तो कागद देवघरात ठेवला होता, असं आत्या सांगत असे. स्वतंत्र भारताने १९५९ साली नवा कायदा केला, परवान्याची चौकट कायम राहिली आणि तो मानही राहिला. आजही लग्नाच्या वरातीत हवेत बार काढण्यात प्रतिष्ठा मानणारे आहेत. २०१९ च्या दुरुस्तीत त्यासाठी दोन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद करावी लागली, यावरून हा मान कुठवर घसरला ते कळतं.

काहीजण कर्नाटकातल्या कोडगूचं उदाहरण देतात. तिथल्या कोडव समाजाला आणि जम्मा, म्हणजे वंशपरंपरागत, जमीनधारकांना परवान्यातून सूट आहे आणि केंद्राने ती २०२९ पर्यंत वाढवली आहे. कैलपोळ्दच्या सणाला ते शस्त्रं पुजतात. घरात मुलगा जन्मला की एक बार, कुणी गेलं की दोन. तिथे बंदूक नुसती जपून ठेवलेली नाही. जन्ममरणाची वार्ता ती गावाला सांगते. तिचं काम समाजाने ठरवून दिलेलं आहे. माझं म्हणणं त्या सुटीच्या विरोधात जात नाही, उलट त्यानेच पक्कं होतं. वर्षातून एकदा पाटावर मांडण्यापलीकडे आमच्या रिव्हॉल्व्हरला काय काम होतं?

दोनालीचं तसं नव्हतं. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार संपली आणि ती संपली हे फार चांगलं झालं. पण आंब्याकाजूच्या बागेत माकडं आहेत, नाचणीत रानडुकरं आहेत. काठी घेऊन गेलं तर माकडं जागची हलत नाहीत. बंदूक खांद्यावर दिसली की टोळी झाडावरून उतरते. वर्षात चार-पाच बार हवेत काढावे लागतात, तेवढंच. दोनालीला धनीही मिळाला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने स्पष्ट नकार दिला आणि त्याच्या नकाराचा मला आदर वाटतो. न पेलणारी गोष्ट वारशाने घ्यायलाच हवी असं नाही. शेती बघणारी मुलगी म्हणाली, ‘ती मला हवी.’ नुसती हवी म्हणाली नाही. त्या पावसाळ्यात ती दोनाली उघडून नळ्या पुसायला शिकली, आणि हातात घेतल्यावर आधी मोडून दोन्ही घरं रिकामी आहेत ना, हे बघायची सवय तिने लावून घेतली.

राहिली ठासणी. दोनची मर्यादा होती, रिव्हॉल्व्हर गेलं की ठासणी कायद्याने ठेवता येत होती. इथेच माझ्या मताची खरी परीक्षा होती. आजोबांची आठवण तिच्यात सर्वांत जास्त. ते दारू मोजून नळीत ओतायचे, वर काथ्याचा बोळा, मग छर्रे, पुन्हा बोळा, आणि गजाने ठासायचे. टोपी सर्वांत शेवटी, बागेत पोचल्यावर. घरी आणताना ती कधीही भरलेली नसे. मला आठवणारं सर्वांत स्पष्ट चित्र मात्र बार काढण्याचं नाही. संध्याकाळी ते मागीलदारी बसून नळीत कढत पाणी ओतत, काळं पाणी दगडावर सांडे, आणि नळी कोरडी झाल्यावर चिंधीने खोबरेल लावत. दारूची राख लोखंड खाते, असं ते सांगायचे.

आजोबांची आठवण बंदुकीच्या उडण्यात नाही, असं मी घरात म्हणालो तेव्हा काका रागावले. निकामी केलेली बंदूक म्हणजे मेलेलं जनावर भिंतीला टांगण्यासारखं, असं ते म्हणाले. त्यांचा राग खोटा नव्हता. ज्या हत्याराची काळजी पन्नास वर्षं घेतली गेली, त्याच्या नळीला भोक पाडायचं हे कुणालाही लागतं. पण दुरुस्तीने चालू शकणाऱ्या बंदुकीला कायदा बंदूकच समजतो, आणि ते बरोबर आहे. नळी गंजली म्हणून ती खेळणं होत नाही. गंजलेली नळी तर डागणाऱ्याच्याच तोंडावर फुटते. ती जिवंत ठेवायची तर परवाना हवा, निवडणूक आली की ठाण्यात जमा करून पावती हवी, माझ्यानंतर सही करणारं कुणी हवं. ते कुणी नव्हतं. आठवण जपण्यासाठी या सगळ्याचं ओझं पुढच्या पिढीवर टाकणं मला रास्त वाटेना.

नोव्हेंबरात रिव्हॉल्व्हर कोल्हापूरच्या त्याच दुकानात विकलं. चुलतभावाने वहीत लिहिलेल्या किमतीपेक्षा बरंच कमी आलं, कारण त्या महिन्यांत जो तो आपलं तिसरं हत्यार घेऊन दुकानात येत होता. बाबा सोबत आले नाहीत. पावती दाखवली तेव्हा त्यांनी ती चष्मा लावून नीट वाचली, क्रमांक पडताळला आणि घडी करून माझ्या खिशात परत ठेवली.

ठासणी रीतसर निकामी करून घ्यायला नेण्याच्या आदल्या संध्याकाळी ते मागीलदारी बसले. मुलीला म्हणाले, ‘पाणी तापव.’ वीस वर्षं न वाजलेल्या नळीत त्यांनी कढत पाणी ओतलं. आधी तांबूस आलं, मग स्वच्छ. मुलीने चिंधी गजाला गुंडाळून दिली. काका पायरीवर येऊन बसले होते, त्यांनी खोबरेलाची वाटी पुढे सरकवली.